विहीणबाईंच्या वॉर्डातलं माझं मरण

माझ्या विहीणबाईंना नुसतं पाहून माणसाचा ताप उतरतो. ही अतिशयोक्ती नाही. माझा स्वतःचा एकशे दोनचा ताप त्यांच्या चपला दारात वाजल्या तेवढ्यावर उतरलेला आहे. कुणाच्याही घरी गेल्यावर त्या 'कसं काय, बरं आहे ना' असलं काही विचारत नाहीत. उंबऱ्यातूनच समोरच्याच्या डोळ्यांच्या खालच्या पापणीकडे बघतात, मग नखांकडे, मग पायाच्या घोट्यांकडे. या तीन ठिकाणांहून मिळालेल्या माहितीनं समाधान झालं तरच बसतात. छत्तीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या दवाखान्यांत सिस्टर म्हणून काढली. त्यामुळे माणसं त्यांना नावानं आठवत नाहीत, दुखण्यानं आठवतात. त्यांच्या मुलाचं आणि माझ्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा पाहुण्यांची यादी करायला आम्ही बसलो होतो. मध्येच त्या म्हणाल्या, "ते दोघं भाऊभाऊ मुतखडे, त्याईला पत्रिका गेली का? अन् बोरीकडचा हर्निया ऱ्हायला बगा." माझ्या सख्ख्या काकांना त्या आजही 'कॉट नंबर अकरा' म्हणतात. काकांना ते इतकं आवडतं की एकदा बँकेत नाव विचारल्यावर त्यांनी तेच सांगितलं.

लग्नात विहिणीचे पाय धुवायचा आपल्याकडे मान असतो. माझी बायको तांब्या-परात घेऊन खाली वाकली. विहीणबाईंनी तिला दंडाला धरून उठवलं, आपल्या खुर्चीत बसवलं आणि भर मांडवात तिच्याच पायाच्या घोट्याला अंगठा दाबून धरला. बोट काढलं तर तिथे खळगा. "वहिनी, सूज हाय. मीठ कमी करा." मांडवात दोनशे माणसं होती आणि बँडवाले वाजवायचे थांबले होते. पुढे पंगतीत त्या स्वतः वाढायला आल्या आणि बायकोच्या ताटातला पापड आणि लोणचं उचलून घेऊन गेल्या. वऱ्हाडातल्या बायकांना वाटलं, मानपानावरून बिनसलं. त्यांची समजूत काढता काढता माझी संध्याकाळ गेली.

मी भूमी अभिलेख कार्यालयात नोकरी केलेला माणूस. चुकीची नोंद राहिली तर दोन पिढ्या भांडतात, हे मी आयुष्यभर पाहिलं आणि लोकांच्या चुकलेल्या नोंदी दुरुस्त करून दिल्या. माझ्या स्वतःच्या तोंडून झालेली एक नोंद मात्र तीन वर्षं तशीच राहिली. ती दुरुस्त करण्यासाठी हे लिहायला घेतलं आहे. पण विहीणबाईंबद्दल लिहायला बसलं की आधी हसू येतं, त्याला माझा इलाज नाही.

निवृत्तीनंतर आमच्या वसमतच्या एका नर्सिंग स्कूलनं त्यांना शिकवायला बोलावलं. हट्टा या आपल्या गावाहून त्या सकाळच्या बसनं यायच्या आणि उतरेपर्यंत कंडक्टरसह निम्म्या बसची तपासणी झालेली असायची. त्याच वर्षी शाळेत संगणकातला पेशंट आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पडद्यावर एक आजारी माणूस असतो. तो खरा नसतो, पण खोकतो, कण्हतो, प्रश्न विचारला की उत्तर देतो. बाजूला नाडीचे आणि रक्तदाबाचे आकडे हलत असतात. पोरीनं चुकीचं पाऊल टाकलं की आकडे बिघडतात आणि पेशंट घाबराघुबरा होतो. खऱ्या माणसावर चूक झाली तर माणूस जातो. इथे बटण दाबलं की तो पुन्हा पहिल्यासारखा कण्हायला तयार. कल्पना उत्तमच होती. अडचण एवढीच की आतला पेशंट परदेशी निघाला. निळ्या डोळ्यांचा, इस्त्रीचा झगा घातलेला. कधीपासून दुखतंय असं विचारलं की सव्वानऊपासून म्हणायचा. कुठे दुखतंय विचारलं की बोट ठेवून दाखवायचा. रोजच्या औषधांची नावं त्याला मिलिग्रॅमसकट पाठ होती.

विहीणबाई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यो कोर्टातला साक्षीदार हाय. असा पेशंट छत्तीस वर्षांत न्हाई पाह्यला म्या."

तो स्वतःहून आणखी एक सांगायचा, ते म्हणजे दुखणं दहापैकी सात आहे. पोरींनी ते वहीत लिहून घेतलं. विहीणबाई त्यांना तशाच उठवून खऱ्या वॉर्डात घेऊन गेल्या आणि पहिल्याच कॉटवरच्या आजीला विचारलं, "आजी, दुखणं धापैकी किती?" आजी म्हणाली, "तुमीच पोटाला हात लावून बगा अन् द्या काय द्यायचे ते." शेजारच्या कॉटवरचे आजोबा जरा हुशार होते. त्यांनी आधी चौकशी केली, "तिला किती देले?" पोरींनी आठ लिहिलेत, असं कळल्यावर म्हणाले, "मंग मला नऊ लिवा. म्या तिच्या आदी आल्तो."

बस, त्या दिवशी ठरलं. आपल्याकडचा पेशंट पाहिजे. आपल्यासारखा बोलणारा, आपल्यासारखा लपवणारा. संगणकाचं काम बघणारे शेख सर म्हणाले की पॅकेजमध्ये आपले व्हिडिओ घालता येतात, फक्त पेशंट शोधा. खऱ्या आजारी माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवणं विहीणबाईंच्या नियमात बसत नव्हतं. पोरींपैकी कुणाला कॉटवर झोपवलं तर ती फिदीफिदी हसायची. मग एका दुपारी विहीणबाई आमच्या घरी आल्या, उंबऱ्यात उभ्या राहून माझ्या पापण्या, नखं आणि घोटे पाहिले आणि मला, म्हणजे व्याह्याला, म्हणाल्या, "इवाई, तुमचं तोंड कामाचं हाय."

"कशाच्या कामाचं?"

"जन्मापासूनच आजारी दिसून राह्यले तुमी. रंगवायची बी गरज न्हाई."

आमच्या संसारात माझी बायको इतकी मोकळेपणानं फार कमी वेळा हसली असेल.

पण त्याआधी कागद. हे मी मुद्दाम नीट सांगतो आहे. विहीणबाईंनी एक संमतीपत्र आणलं, माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि मगच पेन दिलं. माझा चेहरा, माझा आवाज आणि मी जे बोलेन ते सगळं पोरींना शिकवण्यासाठी वापरायला माझी हरकत नाही, असं त्यात होतं. मी पूर्ण नावानिशी, तारीख घालून, दोन्ही पानांवर सही केली. नोकरीत असताना सुद्धा मी इतकी सुवाच्य सही कधी केली नव्हती.

माझं नाव पडलं गणपतराव, राहणार पुसेगाव. पुसेगाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे इकडच्या कुणा गणपतरावाला राग यायला नको. आजार साधा होता, बीपी वाढलेलं आणि दम लागतोय. पण विहीणबाईंनी गणपतरावांचं चरित्र लिहिलं ते सात पानांचं. त्यात दोन एकर हळद होती, डाव्या कानानं कमी ऐकू येणं होतं, सुनेशी अबोला होता, सदऱ्याच्या आतल्या खिशात तंबाखूची पुडी होती आणि एक म्हैस होती. मी म्हणालो, "विहीणबाई, दम लागलाय तेवढं दाखवायचं त म्हैस काहून पाह्यजे?"

"म्हशीची धार काढायची हाय म्हणून त्यो भरती व्हायला तयार न्हाई. म्हैस काढली त त्यानं दवाखान्यातून पळून काहून जावं?"

म्हैस राहिली.

शाळेच्या प्रयोगशाळेत लोखंडी कॉटवर चार दिवस माझं चित्रण चाललं. विहीणबाई प्रश्न विचारायच्या, मी खोटं बोलायचो आणि शेख सर फोन धरून उभे असायचे. खोटं बोलायलाही त्यांनी मला शिकवलं. "तंबाखू खाता का असं इचारल्यावर लगेच न्हाई म्हणू नका. आदी बायकोकडं बगा, मंग न्हाई म्हणा." "गोळ्या बराबर घेता का, असं इचारलं की जोरात व्हय म्हणा. खरं बोलणारा इतक्या जोरात बोलत नसते." तिसऱ्या दिवशी मध्येच त्यांनी सहज, नातेवाइकासारखं विचारलं, "अन् वहिनीचं बीपी कसं हाय आता?" मीही सहज सांगून गेलो, "बरं हाय. एकच पाकीट आणतो, अन् आमी दोघं अर्धी अर्धी गोळी घेतो."

फोन चालूच होता. मला बीपी आधीपासूनच होतं, आणि लग्नात घोट्याची सूज सापडल्यावर बायकोलाही बीपी निघालं, तेव्हापासून ती माझीच गोळी घ्यायची. एका घरात एकाच दुखण्याला दोन पाकिटं कशाला, असा आमचा सरळ हिशेब होता. त्यात काही चुकतंय हे दोन वर्षांत मनातसुद्धा आलं नव्हतं. विहीणबाईंनी पुढचा प्रश्न विचारला. संध्याकाळी घरी आल्या, आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवलं आणि शाळकरी पोरांना झापावं तसं झापलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेऊन दोघांची वेगवेगळी औषधं लिहून घेतली. आणि त्यानंतर मला विचारलं, "इवाई, हे गणपतरावाला देऊ का? तुमाला चालत असलं त." मी हो म्हणालो. ही दुसरी संमती. तिला कागद नव्हता, पण ती मी दिली होती.

आणि ती अर्धी गोळीच त्या पेशंटचा प्राण ठरली. गणपतरावांना शंभर वेळा 'गोळ्या घेता का' विचारा, ते जोरात व्हय म्हणत आणि पडद्यावरचं बीपी वाढतच जाई. ज्या पोरीला 'काकू कशा हायेत' असं विचारायचं सुचेल तिलाच अर्धी गोळी सापडे. पोरीनं तोंडानं विचारायचं आणि शेख सरांनी बाजूला बसून उत्तराचा बरोबर तुकडा लावायचा, अशी ती व्यवस्था होती. पहिल्या तुकडीतल्या प्रज्ञा नावाच्या पोरीनं एकोणीस प्रश्न विचारले. म्हैस विचारली, हळद विचारली, सून विचारली, आणि विसाव्याला काकूंवर आली. वर्गानं टाळ्या वाजवल्या. विहीणबाई कडाडल्या, "टाळ्या काय वाजवून राह्यल्या? बाप्याची गोळी डॉक्टरला कोन सांगन? अन् काकूची?"

त्या पेशंटशी त्या जसं वागायच्या त्याच्या गोष्टी वसमतमध्ये आजही सांगतात. माउसला हात लावायच्या आधी पोरींनी साबणानं हात धुवायचे. एका पोरीनं विचारलं, "मॅडम, कॉम्प्युटरला काय इन्फेक्शन व्हणार?" त्या म्हणाल्या, "त्याला न्हाई व्हणार. तुला सवय व्हईन." पडद्यावर माझी छाती तपासायची वेळ आली की खिडकीचा पडदा ओढायचा, कारण बाहेर रिक्षावाले उभे असतात. पडद्याकडे बोट दाखवायचं नाही, माणसाकडे बोट दाखवत नसतात. एकदा वीज गेली. पोरी दप्तरं आवरायला लागल्या, तर विहीणबाईंनी दोघींना काळ्या पडद्यासमोर बसवून ठेवलं. "पेशंटला येकटं सोडून कुटं चालल्या? दम लागलाय त्याला." त्या दोघी पाऊण तास काळ्या पडद्याशी म्हशीबद्दल बोलत बसल्या.

याचा त्रास मला बाजारात व्हायला लागला. शाळेच्या पोरी दिसेल तिथे मला धरायच्या. "काका, उठून काहून आले?" एकदा मी चौकात मिरचीची भजी खात उभा होतो. एक पोरगी सायकलवरून उतरली, हातातला कागद काढून घेतला, "तुमाला मीठ बंद हाय" म्हणाली आणि जाता जाता त्यातली दोन भजी खाऊन गेली. मला मात्र त्यातून एक चटक लागली. बहात्तराव्या वर्षी मला नट झाल्यासारखं वाटू लागलं.

गणपतरावांच्या गोष्टीला तीन शेवट होते. बरे होऊन घरी जातात, न सांगता म्हशीकडे पळून जातात, किंवा जास्त होऊन नांदेडला हलवतात. मला हे कमी वाटायला लागलं. लहानपणी गावच्या नाटकात मी एकदा मेलो होतो आणि बायका रडल्या होत्या. मी म्हणालो, "विहीणबाई, मेल्याशिवाय पोरी शिकणार कशा?"

"न्हाई. पयल्या वर्षाच्या पोरी हायेत. मरण त्याईला वॉर्डात दिसनच. माझ्या खोलीत नको."

ही गोष्ट तिथे संपायला हवी होती. पण पुढच्या आठवड्यात त्या नात्यातल्या एका लग्नाला गेल्या, आणि मी शेख सरांच्या मागे लागून कॉटवर जाऊन पडलो. पहिल्यांदा मेलो तर शिंक आली. दुसऱ्यांदा मेलो आणि डोळा उघडून "झालं का?" विचारलं. सातव्यांदा जे जमलं ते साडेचार मिनिटांचं मरण होतं. त्यात मी पाणी मागितलं, सुनेला माफ केलं, म्हशीचं नाव घेतलं, हळदीला भाव येवो म्हणालो आणि मान टाकली. शेख सर म्हणाले, "चाचा, इतनी देर में तो पेशंट नांदेड जा के वापस आ जाता." लग्नाहून आल्यावर विहीणबाईंनी ते पाहिलं आणि सरांना ते काढून टाकायला लावलं. सरांनी काढून टाकलंही. पण त्याआधी मी माझ्या फोनवर घेऊन ठेवलं होतं.

ते मी कुणाला पाठवावं? शिरड शहापूरच्या माझ्या साडूंना. साडू मला आयुष्यभर 'कागदी माणूस' म्हणत आले. त्यांना दाखवायचं होतं. फोनवर मजकूर लिहिता येत नसल्यानं नुसताच व्हिडिओ पाठवला आणि कौतुकाची वाट बघत झोपलो.

सकाळी साडेआठला मी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. दारात एक जीप आणि मागे एक टेम्पो येऊन थांबला. टेम्पोतून बायका उतरल्या त्या रडतच. बायकोच्या मावशी, वय नव्वदच्या घरात, दृष्टी अधू, त्या माझ्या खांद्याला धरून पायरी चढल्या आणि माझ्याच गळ्यात पडून म्हणाल्या, "गेला रे माझा जावई, कसा चांगला व्हता!" असं कौतुक त्यांनी माझ्या जिवंतपणी एकदाही केलं नव्हतं. साडूंनी पहाटेच माझा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता, खाली जोडलेले हात आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून. मृताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून चार घरांनी पिठलं-भाकरीच्या टोपल्या बांधून आणल्या होत्या. मी जिवंत आहे हे कळायला पाच मिनिटं लागली आणि पटायला अर्धा तास. त्यानंतर सगळे चिडले. साडू सर्वात जास्त.

"कामधंदा सोडून आलो आमी! अन् तुमी शेंगा फोडून राह्यले!"

"मंग काय करू? पुन्हा झोपू?"

"हसण्यावारी नेऊ नका. हे केलं कोनी?"

ओसरीवर चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी स्वतः हौसेनं मेलो, स्वतः पाठवलं, असं सांगितलं असतं तर लोक हसले असते आणि पिठलं खाऊन गेले असते. दोन दिवसांत विसरलेही असते. पण बायकोच्या माहेरची माणसं होती, साडू होते, आणि मला लाज वाटली. मी म्हणालो, "इहीनबाईनं केलं. मला काय ठाऊक त्याचा असा वापर करतात."

एवढंच वाक्य. ते बोलताना माझ्या हातात शेंगदाणे होते, एवढं अजून आठवतं.

साडूंना अर्ज लिहायची फार हौस. त्यांनी जेवायच्या आतच शाळेच्या नावानं तक्रार लिहिली. वृद्ध माणसाचा चेहरा परवानगीवाचून वापरला, जिवंतपणी मृत दाखवलं, कुटुंबाला मनस्ताप झाला, वगैरे. माझ्यापुढे कागद आला आणि मी सही केली. आठवड्यानं शाळेत तिघांची समिती बसली. मला विचारलं, "तुम्ही संमती दिली होती का?" विहीणबाई समोरच्या खुर्चीत होत्या, मांडीवर काळी पर्स. मी म्हणालो, "मला आठवत नाही."

समितीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत होत्या, पापण्यांकडे नाही आणि नखांकडेही नाही. मग म्हणाल्या, "माझी चूक झाली." माझी सही असलेला कागद त्या वेळी त्यांच्या पर्समध्ये होता, हे मला शेख सरांकडून पुढे कळलं. सकाळीच त्यांनी सरांना तो दाखवला होता. आत काहून काढला नाही, असं सरांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "तिचा बाप खोटारडा म्हणून सून माझ्या घरात कशी वावरन?"

महिन्याभरात त्यांना शाळेत यायला नको म्हणून सांगितलं. गणपतराव पडद्यावरून गेले आणि निळ्या डोळ्यांचा साक्षीदार परत आला. बायकोला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. समितीहून मी घरी आलो तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "त्या दिशी लोक आले तवा खरंच मेलेले असते त बरं झालं असतं." विहीणबाईंनी मात्र संबंध तोडले नाहीत. दरवर्षी दिवाळीला हट्ट्याहून चिवड्याचा डबा येत राहिला, त्यावर चिठ्ठी, 'इवाईसाठी वेगळा, मीठ कमी.' तीन दिवाळ्या मी तो चिवडा खाल्ला. खरं मात्र एकदाही बोललो नाही.

या वर्षी शाळेत नव्या प्राचार्या आल्या आहेत, असं ऐकलं. मी भूमी अभिलेखच्या सवयीनं साध्या कागदावर निवेदन लिहिलं. संमती मी दिली होती. मरण मी हट्टानं केलं. व्हिडिओ मी पाठवला. तक्रारीतला मजकूर खोटा असून त्याखालची सही माझी आहे. प्राचार्यांनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "हे तुम्ही मला दिलंत, पण त्या बाईंचं नाव खराब झालं ते वर्गात." मग मी ते वर्गात वाचलं. चाळीस पोरी, शेख सर आणि दारात उभे असलेले शिपाई. मरणाच्या सात प्रयत्नांपर्यंत पोरी हसत होत्या. पुढे हसल्या नाहीत. वाचून झाल्यावर शेख सर हळूच म्हणाले, "चाचा, गणपतराव को मैंने मिटाया नहीं था. दिल नहीं हुआ."

तसाच हट्ट्याला गेलो. विहीणबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. दोन्ही गुडघे गेलेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. मी जवळ जाईपर्यंत त्यांना कोण आलंय ते कळलं नाही. उभ्या उभ्याच मी सगळं सांगून टाकलं, कबूल केल्याचंही आणि वर्गात वाचल्याचंही. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"तुमी काहून तसं बोलले ते मला तवाच समजलं व्हतं," त्या म्हणाल्या. "चारचौघांत लाज वाटली तुमाला. लाजेनं खोटं बोलणारे म्या छत्तीस वर्षं पाह्यले, इवाई. राग न्हाई येत त्याचा."

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण तीन बॅचा गेल्या."

तीन तुकड्या, शंभरावर पोरी, कुठे कुठे नोकरीला लागल्या असतील. त्यांना शिकवायचा विहीणबाईंचा जो वेळ होता तो मी खाल्ला होता, आणि तेवढ्यात त्यांचे गुडघे आणि डोळे गेले. प्राचार्यांनी परत बोलावलंय असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. बसची पायरी आता चढवत नाही त्यांना.

गणपतराव परत पडद्यावर आले आहेत. दर शनिवारी मी शाळेत जातो आणि मागच्या बाकावर बसतो. पोरी काय विचारतात, कुठे अडतात, कुणाला काय सुचतं, ते वहीत टिपून घेतो. संध्याकाळी हट्ट्याला फोन लावतो आणि एकेक पोरगी घेऊन सावकाश सांगत जातो. विहीणबाई मध्ये बोलत नाहीत. सगळी उत्तरं त्यांनीच तर लिहिलेली आहेत, त्यांना ठाऊक नाही असं मी काय सांगणार? तरी मी जरा थांबलो की पलीकडून त्यांचा आवाज येतो, पहिल्यापेक्षा खूप हळू झालेला.

"मंग? पोरीनं काय इचारलं?"